वॉक-इन टबला किती खर्च येतो? घरचं न्हाणीघर सुरक्षित करण्याचा पूर्ण हिशेब

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा चालताना तोल जाऊ लागला असेल, तर दार असलेल्या टबची जाहिरात कधी ना कधी तुमच्यासमोर येते. टबला बाजूने दार असतं. काठ ओलांडायचा नाही. दार उघडून आत जायचं, बाकावर बसायचं, दार लावायचं आणि मग पाणी सोडायचं. अमेरिकेत हा टब भरपूर खपतो, कारण तिथल्या घरांत नेहमीचा टब आधीपासून असतो आणि त्याचा उंच काठ ओलांडणं म्हाताऱ्या माणसांना जड जातं. आपल्याकडच्या बहुतेक फ्लॅटमध्ये ओलांडायला टबच नाही. म्हणून आधी एवढंच पाहा: तुमच्या माणसाला त्रास नेमका कुठे होतो? उंबरठ्यावर, ओल्या फरशीवर, कमोडवरून उठताना, की पाटावर बसून अंघोळ करताना? खर्च या उत्तरावर ठरतो. बऱ्याच घरांत काम वीस हजारांत होतं, आणि लोक विचारपूस मात्र तीन लाखांच्या टबची करतात.

खाली दिलेले दर पुणे, मुंबई, ठाणे या भागांतल्या मध्यम दर्जाच्या मालाचे आणि मजुरीचे साधारण अंदाज आहेत. शहर, ब्रँड आणि मजला यांनुसार ते वर-खाली होतील. कोटेशन हातात आलं की ताडून बघायला ते वापरा.

टबच हवा असेल तर

दार असलेला ॲक्रिलिकचा टब आपल्याकडे दुकानात मांडलेला क्वचितच दिसतो. तो बहुधा मागवावा लागतो. नुसत्या टबची किंमत दीड लाखापासून चार लाखांपर्यंत जाते. पाण्याचे झोत सोडणारे जेट, गरम राहणारं आसन अशा सोयी घेतल्या तर त्याहून जास्त. त्यावर वाहतूक, हमाली, फरशी फोडणं, नळाची आणि सांडपाण्याची नवी जोडणी, वॉटरप्रूफिंग आणि वीज यांचे ६० हजार ते दीड लाख धरा. म्हणजे अडीच लाखांच्या आत हे काम बसणं कठीण. आणि पैसे हा यातला सोपा भाग आहे. चार गोष्टी आधी मोजा.

पहिली, पाणी. छातीपर्यंत बुडायला साधारण २०० लिटर लागतं. हिवाळ्यात टाकीचं पाणी २० अंशांवर असेल आणि टबात ४० अंश हवं असेल, तर त्यातलं निम्मं, म्हणजे १०० लिटर, ६० अंशांचं गरम पाणी हवं. तुमचा गिझर २५ लिटरचा असेल तर तो चार वेळा तापला पाहिजे. दोन किलोवॉटच्या गिझरला दर वेळी ३५ मिनिटं लागतात. पहिली टाकी आधी तापवून ठेवली तरी पुढे पावणेदोन तास उरतात, आणि दार लावल्याशिवाय पाणी सोडता येत नसल्यामुळे तेवढा वेळ म्हातारं माणूस ओल्या अंगाने टबात बसून राहणार. तोवर आधीचं पाणी निवलेलं असतं. यावर उपाय १०० लिटरचा गिझर हाच आहे. त्याचे १५ ते ३० हजार आणि त्याचं वजन पेलणारी भिंत हिशेबात धरा. एका अंघोळीला साडेचार ते पाच युनिट वीज जाईल. सोसायटीत पाणी ठरावीक वेळीच येत असेल, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागत असेल, तर रोज २०० लिटर सोडणं जमेल का, हेही घरच्यांशी बोलून ठरवा.

गॅस गिझर लावून हा प्रश्न सोडवू, असं कुणी सुचवेल. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत कधीही बसवू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि त्याने माणसं दगावतात. बसवायचाच असेल तर मोकळ्या हवेच्या ड्राय बाल्कनीत, पाइपने पाणी आत आणून.

दुसरी, वजन. टब ८० ते १०० किलो, पाणी २०० किलो, माणूस ६०-७० किलो. हे सगळं जेमतेम एक-सव्वा चौरस मीटर जागेवर येतं. घरांच्या स्लॅबसाठी भारतीय मानकात वापराचा भार प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो धरलेला असतो. लगेच स्लॅब खचेल असं नाही, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टब ठेवायचा नाही. त्याची भेट आणि लेखी मत यांचे पाच ते पंधरा हजार वाचवू नका. इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल असायला हवा. तो मागून घ्या.

तिसरी, वाट. फ्लॅटमधल्या बाथरूमचं दार अडीच फुटी असतं, चौकट धरून आतली मोकळी जागा त्याहूनही कमी. बरेच टब २६ ते ३० इंच रुंद असतात. लिफ्ट, जिन्याचं वळण, बाथरूमचं दार हे तिन्ही टेपने मोजा आणि मगच ॲडव्हान्स द्या. चौकट काढून परत बसवायची वेळ आली तर आठ-दहा हजार वाढतात, आणि ते कोटेशनमध्ये लिहिलेले नसतात.

चौथी, निचरा. अंघोळ झाल्यावर टब पूर्ण रिकामा होईपर्यंत दार उघडता येत नाही. दार आत उघडणारं असेल तर पाण्याच्या दाबाने ते घट्ट बसतं. मध्येच चक्कर आली तरी बाहेरून कुणाला ते उघडता येत नाही. बाहेर उघडणारं दार मदतीला सोयीचं, पण महाग आणि पुढे जास्त जागा मागणारं. शिवाय २०० लिटर पाणी एकदम जुन्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडलं तर ते तुंबून फरशीवर येतं. म्हणजे सांडपाण्याची वाट मोठी करणं आलं, आणि तिथून खालच्या घराच्या छताचा प्रश्न सुरू होतो.

दाराच्या रबर गॅस्केटची वॉरंटी वेगळी विचारा. टबाला दहा वर्षं आणि गॅस्केटला एकच वर्ष, असं असू शकतं. सुटा भाग भारतात मिळतो का आणि किती दिवसांत, हे ईमेलवर लिहून घ्या.

पहिले वीस हजार कुठे घालायचे

टब नको असं ठरलं तर, किंवा ठरायच्या आधीसुद्धा, हे काम करून टाका. एका दिवसाचं आहे, फरशी फोडावी लागत नाही, सोसायटीच्या परवानगीची सहसा गरज पडत नाही. ड्रिलच्या आवाजाची वेळ तेवढी पाळा.

सर्वांत आधी धरायच्या दांड्या, म्हणजे ग्रॅब बार. बहुतेक घरांत म्हातारी माणसं टॉवेलच्या दांडीला, नळाला किंवा दाराच्या कडीला धरून उठतात. टॉवेलची दांडी दोन छोट्या स्क्रूंवर उभी असते आणि माणसाच्या वजनाने ती भिंतीतून निघून येते. ग्रॅब बार ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचा, ३२ ते ३८ मिलिमीटर जाडीचा, भिंतीपासून साधारण ३८ मिलिमीटर अंतर राखणारा घ्या, म्हणजे बोटं आत जातात पण कोपर अडकत नाही. पृष्ठभाग खरखरीत असेल तर उत्तम. चकचकीत दांडी साबणाच्या हातातून निसटते. किंमत ६०० ते २,००० रुपये. कमोडशेजारी भिंत नसेल तर वर उचलता येणारी फोल्डिंग दांडी २,५०० ते ६,००० ला मिळते. कमीत कमी तीन दांड्या लागतात: कमोडजवळ, शॉवरजवळ, आणि दारातून आत येताना हाताशी येईल अशी एक. उंची जमिनीपासून साधारण ८४ ते ९१ सेंटिमीटर सांगतात, पण ज्याच्यासाठी बसवायची त्याला प्रत्यक्ष बसवून-उठवून खूण करा. आईची उंची पाच फुटांच्या आत असेल तर पुस्तकातलं माप तिच्या उपयोगाचं नाही.

खरा प्रश्न भिंतीचा असतो. जुन्या इमारतीत विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर चांगल्या अँकरने काम होतं. नव्या इमारतींत मधल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात. त्यात साधा प्लास्टिकचा गिट्टा बसवला तर दांडी दोन-चार महिन्यांत हलायला लागते. अशा भिंतीत केमिकल अँकर वापरायला सांगा किंवा भिंतीत आरपार भोक पाडून मागच्या बाजूला स्टीलची पट्टी देऊन बोल्ट कसायला सांगा. याचे प्रत्येक दांडीमागे तीनशे ते आठशे रुपये जास्त लागतील. आनंदाने द्या. काम झाल्यावर प्लंबरसमोर स्वतः पूर्ण वजन टाकून ओढून बघा. हलली तर पैसे थांबवा. भोक पाडण्याआधी आतल्या पाइपांची वाट विचारून घ्या. बिल्डरकडचा नकाशा असेल तर उत्तम. नसेल तर नळाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावू देऊ नका.

हवेच्या चोखणीवर टाइलला चिकटणाऱ्या दांड्या ऑनलाइन तीनशे-चारशेला मिळतात. त्या घेऊ नका. त्या कधी सुटतील हे कळत नाही, आणि सुटतात त्या नेमक्या वजन पडल्यावर.

मग बसायची सोय. पाट, चौरंग आणि प्लास्टिकचं स्टूल बंद करा. पाटावरून उठायला गुडघे साथ देत नाहीत आणि प्लास्टिकचं स्टूल ओल्या फरशीवर सरकतं. रबरी बूट असलेली, उंची कमी-जास्त करता येणारी ॲल्युमिनियमची शॉवर खुर्ची १,५०० ते ४,००० ला येते. पाठ आणि हात असलेलीच घ्या. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटला वैद्यकीय सामानाची दुकानं ओळीने आहेत, तिथे बसून बघून घेता येते. इतर शहरांत मोठ्या रुग्णालयांच्या आसपास पाहा. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन महिन्यांपुरतीच हवी असेल तर भाड्याने घ्या. डिपॉझिट परत मिळण्याची अट पावतीवर लिहून घ्या.

खुर्चीसोबत हाताने धरायचा शॉवर, लांब पाइपचा. ८०० ते २,००० रुपये. यामुळे भरलेली बादली सरकवणं आणि वाकून तांब्याने पाणी घेणं दोन्ही थांबतं. कमोड बुटका असेल तर वर ठेवायची उंच सीट १,००० ते ३,००० ला मिळते. बसलेल्या माणसाचे पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, एवढीच उंची घ्या. फरशीवर छिद्रांची रबरी चटई, ३०० ते १,००० रुपये, पण ती आठवड्यातून एकदा उलटी करून घासली नाही तर तिच्याखालीच शेवाळ धरतं. बाथरूमबाहेरचं कापडी पायपुसणं मात्र उचलाच.

विजेचं काम विसरू नका. ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, गिझरच्या लाइनवर आहे का, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. नसेल तर बसवायला १,५०० ते ३,००० रुपये. गिझरचं तापमान ५० अंशांपर्यंत खाली आणा. वय झालेल्या त्वचेला चटका उशिरा कळतो. पलंगापासून बाथरूमपर्यंत आपोआप लागणारे दोन-तीन सेन्सर दिवे लावा, एकेक तीनशे ते सातशेचा.

आणि दार. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत दाराला टेकून पडला तर दार उघडत नाही. बिजागऱ्या फिरवून दार बाहेर उघडेल असं करा. सुताराचे दीड ते तीन हजार. आतली उभी कडी काढून बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने उघडता येणारं लॅच लावा, ४०० ते १,२०० रुपये. सगळ्या यादीतून आज एकच काम करायचं असेल तर हे करा.

फरशी बदलायची वेळ आली तर

चकचकीत टाइल घसरत असतील तर आधी रासायनिक अँटी-स्किड प्रक्रिया करून बघा: चौरस फुटाला ४० ते १०० रुपये. चाळीस चौरस फुटांच्या बाथरूमला चार हजारांच्या आत होते, पण बरेच जण 'कमीत कमी बिल' लावतात, ते आधी विचारा. एका कोपऱ्यात दोन टाइलवर नमुना करून, ओल्यावर पाय घासून बघूनच पुढे जा. ही प्रक्रिया कायमची नसते आणि रोज ॲसिडने फरशी धुतलीत तर लवकर जाते.

टाइलवर टाइल बसवून देतो, फोडायची गरज नाही, असं गवंडी सांगेल. स्वस्त आणि दोन दिवसांत होणारं काम आहे, पण त्याने फरशी अर्धा ते पाऊण इंच वर येते. दाराकडचा ढाळ बिघडतो, पाणी पॅसेजमध्ये येतं, मग उंबरठा उंच करावा लागतो आणि ज्या अडथळ्यासाठी काम काढलं तोच वाढतो. ज्येष्ठांच्या बाथरूममध्ये हा मार्ग टाळा.

पूर्ण फोडून काम करायचं तर ५ बाय ८ फुटांच्या बाथरूमला दीड ते तीन लाख आणि दोन ते तीन आठवडे. यात तोडफोड, पाइप, वॉटरप्रूफिंग, कोबा, टाइल, कमोड, नळ सगळं आलं. टाइल घेताना मोरबीचा माल आहे एवढ्यावर थांबू नका. खोक्यावरचं आर १० किंवा आर ११ हे घसरणरोधक मानांकन बघा. वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल बसवण्याआधी, बाथरूममध्ये पाणी भरून किमान ४८ तास ठेवायला लावा. शेजाऱ्यांना सांगून खालच्या घराचं छत दिवसातून दोनदा बघून या. घाई करून ही चाचणी गाळली आणि गळती निघाली, तर सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार तुमच्या बाथरूममधून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती तुमच्याच खर्चाने होते. त्यात खालच्यांच्या छताचा रंगही येऊ शकतो.

घरात एकच बाथरूम असेल तर या दिवसांची सोय आधी लावा. कमोड खुर्ची दोन ते चार हजारांना मिळते, भाड्यानेही मिळते. आई-बाबांना बहिणीकडे दोन आठवडे पाठवायचं असेल तर तिच्या बाथरूममध्ये दांडी आहे का, हेही बघा.

कोटेशनमध्ये न दिसणारे पैसे

कंत्राटदार म्हणतो, 'चौरस फुटाला अमुक रुपये.' कुठला चौरस फूट? ५ बाय ८ च्या बाथरूमची जमीन ४० चौरस फूट. सात फुटांपर्यंत भिंतीच्या टाइल धरल्या तर दार वजा जाता आणखी सुमारे १६५. दर दोन्हींना लागतो. तुम्ही ४० ने गुणून खूश होता आणि बिल २०५ चं येतं. टाइल कापण्यात फुकट जाणारा दहा टक्के माल वेगळा. मजुरी 'मालासकट' आहे की 'नुसती लेबर', हे लिहून घ्या. सिमेंट, वाळू, चिकटवायचं ॲडहेसिव्ह, ग्राउट कोण आणणार? एक नळ सरकवला तर 'पॉइंट'चे पैसे किती? ग्रॅनाइटच्या कडेचं मोल्डिंग रनिंग फुटाने वेगळं लागतं का?

राडारोडा हा नेहमीचा वादाचा विषय. गोणीमागे पैसे, मजल्यानुसार उतरवण्याचे पैसे, टेम्पोचे पैसे असे तीन आकडे असतात. एका बाथरूमचे सहज पाच ते बारा हजार होतात. मलबा रस्त्याकडेला टाकू देऊ नका. महापालिकेचा दंड घरमालकाच्या नावाने येऊ शकतो.

जीएसटी १८ टक्के. 'बिल नको असेल तर कमी करतो' ही सवलत घेऊ नका, कारण पुढे तक्रार करायला तुमच्या हातात कागद उरत नाही. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या कंत्राटदाराला नोंदणीची सक्ती नाही. तो तुमच्याकडून जीएसटी घेऊ शकत नाही. जो घेतो त्याचा १५ अक्षरांचा जीएसटी क्रमांक बिलावर हवा, आणि महाराष्ट्रात नोंदणी असेल तर तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर दोन मिनिटांत तपासता येतो.

पैसे टप्प्याटप्प्याने द्या: सुरुवातीला २० ते ३० टक्के, पाणी भरून चाचणी झाल्यावर पुढचे, आणि दहा टक्के काम संपल्यानंतर महिनाभर हातात राखून.

सोसायटीला लागणारी कागदपत्रं साधी असतात: अर्ज, कामाचा साधा नकाशा, कंत्राटदाराचं नाव, कामगारांच्या ओळखपत्रांच्या प्रती, गळतीची जबाबदारी घेणारं हमीपत्र आणि डिपॉझिटचा धनादेश. डिपॉझिट परत मिळण्याची मुदत लेखी मागा. भिंत पाडायची किंवा बाथरूमची जागा हलवायची असेल तर महापालिकेची परवानगी लागते. कमिटीच्या होकारावर भागत नाही. भाड्याच्या घरात दांडी लावायलाही मालकाला लिहून विचारा.

मदत कुठून मिळते

आरोग्य विमा उपचाराचे पैसे देतो, फरशीचे देत नाही. घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढलं आणि तुम्ही जुन्या कररचनेत असाल, तर स्वतः राहत्या घरासाठी त्याच्या व्याजावर वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळू शकते. वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांसाठी महाराष्ट्रात २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना सुरू झाली. तिच्यात कमोड खुर्ची, वॉकर, काठी अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. आधार कार्ड, बँक पासबुकाची प्रत, रेशन कार्ड, फोटो आणि उत्पन्नाचं स्वयंघोषणापत्र लागतं. अर्ज सुरू आहेत का, याची चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात करा. यासाठी एजंटला पैसे देऊ नका. ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७.

तुमचे आई-वडील किंवा तुम्ही स्वतः अमेरिकेत राहत असाल, तर तिथला हिशेब वेगळा. बसवण्यासकट वॉक-इन टब साधारण ५,००० ते १५,००० डॉलरमध्ये पडतो. मूळ मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, या टबला वैद्यकीय उपकरण मानत नाही, त्यामुळे पैसे सहसा मिळत नाहीत. 'मेडिकेअर देईल' असं विक्रेता म्हणाला तर लेखी मागा. डॉक्टरांच्या शिफारशीने बसवला आणि तुम्ही खर्च तपशीलवार दाखवून कर भरत असाल, तर उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरच्या वैद्यकीय खर्चात तो धरता येतो. घराची किंमत वाढली असेल तर तेवढा भाग वजा होतो. विक्रेता घरी येऊन तासन्‌तास बसतो आणि 'आज सही केली तरच सवलत' म्हणतो. घरी येऊन केलेल्या २५ डॉलरवरच्या विक्रीचा करार कामाच्या तीन दिवसांत रद्द करण्याचा हक्क तिथल्या केंद्रीय नियमाने दिलेला आहे. त्याची सूचना करारासोबत मिळायलाच हवी.

भारतात काम बिघडलं आणि कंत्राटदार फोन उचलेनासा झाला, तर आधी फोटोंसह लेखी नोटीस पाठवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील सक्तीचा नाही. बिल, कोटेशन, पैसे दिल्याचे पुरावे आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो जोडा. मुदत दोन वर्षांची आहे.